नवसाचा रोडगा

पोरगी चौदा वर्षांची झाली तरी दहाची दिसायची. पोट फुगलेलं, हातपाय काटक्या. आमच्या घनसावंगीकडे आजारी माणसाला भाकरी देत नाहीत. भाकरी जड, पोळी हलकी. म्हणून घर ज्वारीची भाकरी खायचं आणि तिच्यासाठी मी मऊ पोळ्या लाटायचे. ती वाळत गेली तशा मी पोळ्या वाढवल्या. चार वर्षं हे मी मन लावून केलं.

जालन्याच्या डॉक्टरीणबाईंनी तिचं रक्त तपासलं, मग तोंडातून नळी घालून आतडं पाहिलं. म्हणाल्या, "हिला गहू बाधतो. जन्मभर बंद. एक घासही नको." मग घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासायला सांगितलं. धडधाकट माणसातही हा रोग निघतो, म्हणे. कितीतरी जणांना तो असतो आणि कधी कळतच नाही.

घरात सगळ्यात धडधाकट मी. रोग माझ्यात निघाला. नळीनेही तेच सांगितलं.

सासूबाई म्हणाल्या, "मशीन बिघडली असंल. ही आडवी झालेली मी पाह्यली न्हाई."

नवऱ्याने विचारलं, "तुला काई होतं का?"

"न्हाई."

"मंग?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, वरून कळत नाही, आतून नुकसान होतं. रक्त कमी आहे तेही त्यामुळेच असेल. रक्त तर आमच्या गल्लीतल्या सगळ्याच बायकांचं कमी आहे.

पोरीने गहू सोडला आणि वर्षभरात माझ्या खांद्याला आली. मी मात्र सणावाराला, पाहुण्यांना केलेली उरलेली पोळी खात राहिले. टाकून कशी द्यायची?

मग सासूबाईंनी नवस काढला. पोरगी बरी झाली तर मारुतीला रोडगे, असं त्या बोलल्या होत्या. रोडगे म्हणजे गव्हाच्या कणकेचे जाड गोळे, गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले. जिच्यासाठी नवस, पहिला रोडगा तिने खायचा. गव्हाने आजारी पडलेली पोर गहू सोडून बरी झाली, म्हणून तिला गहू.

मी घरी दोनदा सांगून पाहिलं. "देवाचं कोणाला बाधत न्हाई," एवढंच त्या म्हणाल्या.

देवळापुढे बायकांची पंगत बसली. सासूबाईंनी रोडगा कुस्करून, तूप ओतून पोरीपुढे ठेवला. सगळ्या बघत होत्या. पोरीने माझ्या ताटाकडे पाहिलं.

"माय, तुलाबी तोच रोग हाय. तू खातीस की. मंग मी खाल्ला तर काय होतंय?"

माझा घास हातात होता. तो मी खाली ठेवला आणि दोन्ही ताटं गाईपुढे नेऊन पालथी केली.

"मी आजपासून खात न्हाई. तूबी खायचा न्हाई."

"अगं, देव कोपंल!" सासूबाई म्हणाल्या.

"माझ्यावर कोपू द्या, आत्याबाई."

"आज हिला तोंड फुटलं," पंगतीतून कोणीतरी म्हणालं. मी घरी जाऊन ज्वारीचं पीठ आणलं, बाजूला वेगळ्या गोवऱ्या पेटवल्या. ज्वारीचा गोळा काही टिकला नाही, विस्तवातच फुटला. तुकडे वेचले, फुंकले, निम्मे पोरीला दिले, निम्मे मी घेतले.

सासूबाईंनी पुजाऱ्याला विचारलं, असा नवस फिटतो का? त्याच्या तोंडात रोडगा होता. त्याने मान डोलावली.

"माय, राख लई लागून राह्यली," पोरगी म्हणाली.

"खा," मी म्हणाले.