मधलं सोडून बाकी सगळं

किस्से साठतात ते सांगायला घरात कुणी नसलं की. ऐकणारं माणूस असलं, तर संध्याकाळच्या चहाबरोबरच ते संपतात आणि दुसऱ्या दिवशी आठवतही नाहीत. मीरा होती तोवर माझ्याकडे एकही किस्सा शिल्लक नसायचा. ती जाऊन आता दीड वर्ष होईल. गेलं वर्षभर मी दर शनिवारी राजाजीनगरातल्या ज्येष्ठांच्या चित्रवर्गाला जातोय. परत येताना हातात एखादंच चित्र असतं, पण डोक्यात दोन-तीन गोष्टी तरी असतात. त्या कुठेतरी लिहून ठेवायला हव्यात.

वर्ग म्हणजे एका कल्याण मंटपाच्या वरचा हॉल. खाली लग्न असलं की आम्ही नादस्वर ऐकत रेघा मारतो. शिकवतात मूर्ती सर, निवृत्त आर्किटेक्ट. एका शनिवारी वर्गात चित्रकला, पुढच्या शनिवारी शहरातली एखादी जुनी इमारत बघायला जायचं. तिथे त्यांचा नियम एकच. पोचल्यावर पहिली वीस मिनिटं कागद काढायचा नाही, फोन काढायचा नाही, बोलायचं नाही. सर फक्त "नोडी" म्हणतात, म्हणजे "बघा", आणि स्वतः जवळच्या झाडाखाली जाऊन उभे राहतात.

*

वर्ग साठीच्या पुढच्यांसाठी आहे. मी चोपन्न वर्षांचा. पहिल्याच दिवशी पाटणकरांनी मला दारात अडवलं. पाटणकर पुण्याचे, बँकेतून निवृत्त झालेले, इथे मुलाकडे एका उंच टॉवरमध्ये राहतात. वर्गाचे नियम त्यांना सरांपेक्षा जास्त पाठ आहेत.

"साठ पूर्ण लागतात," ते म्हणाले. "आज तुम्हाला घेतलं, तर उद्या चाळिशीचे येतील."

कोपऱ्यात एक बाई पेन्सिलीला टोक करत बसल्या होत्या. वत्सलाअक्का. वय पंचाहत्तर. नोकरी सगळी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली. घराणं कित्येक पिढ्यांपासून बेंगळुरूतलं. घरात मराठीच बोलतात, पण तीत कन्नड इतकं मुरलेलं, की कुठलं कुठे संपतं ते त्यांनाही सांगता येणार नाही.

"घरी कोण कोण?" त्यांनी मला विचारलं.

"मुलगी दिल्लीला असते. बायको सहा महिन्यांपूर्वी गेली."

अक्कांनी पेन्सिलीचं टोक फुंकलं. "पाटणकर, बायको गेलेल्या माणसाच्या वयात दहा वर्षं मिळवून धरायची. येऊ द्या त्याला आत."

पाटणकरांनी मनातल्या मनात बेरीज केली.

"म्हणजे मी एकोणऐंशीचा," ते म्हणाले, आणि बाकावर सरकून त्यांनी मला जागा दिली.

*

अक्कांच्या डोळ्यांचं आम्हाला कळलं ते त्यांच्याच तोंडून, मधल्या सुट्टीत, कॉफी पिताना. दोन्ही डोळ्यांचे पडदे झिजत चालले होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, की नजरेचा मधला भाग हळूहळू जाईल, कडेचा राहील.

"म्हणजे तुमची तोंडं दिसणार नाहीत," अक्का म्हणाल्या, "कान दिसतील. फार काही नुकसान नाही."

कुणाला हसावं की नाही ते कळेना. मग त्या सरांकडे वळल्या. "सर, तीस वर्षं मी सिटी बसनं कामाला गेले. खिडकीतून रोज त्याच इमारती बघायची. आत एकीतही गेले नाही. ड्यूटी गाठायची असायची ना. आता दिसतंय तोवर त्यांत जाऊन यायचंय. वेळ किती आहे ते डॉक्टरला पण ठाऊक नाही."

मूर्ती सरांनी वर्षभराचा अभ्यासक्रम आखलेला होता. क्रमानं, शैलींप्रमाणे. तो कागद त्यांनी चार घड्या करून खिशात घातला.

"सरी," म्हणजे "बरं," ते म्हणाले. "पहिली कुठली?"

तेव्हापासून इमारत अक्का निवडतात. त्यांना आणणं-नेणं माझ्याकडे आलं. माझं घर जवळ होतं आणि गाडीतली शेजारची सीट रिकामी होती.

*

एका शनिवारी मल्लेश्वरममधलं एक जुनं घर बघायचं ठरलं. खिडक्यांच्या वर लाकडी पट्ट्यांची टोकदार झालर असलेलं, इथे ज्याला 'मंकी टॉप' म्हणतात तसलं. पत्ता पाटणकरांनी काढला होता. इथल्या वस्त्यांत उभ्या रस्त्यांना 'मेन' म्हणतात आणि आडव्यांना 'क्रॉस', आणि दोन्हींना आकडे असतात. आम्हाला जायचं होतं आठव्या मेनवर. पाटणकरांनी नेलं आठव्या क्रॉसला.

तिथेही त्याच नंबरचं घर होतं आणि त्यालाही मंकी टॉप होता. मूर्ती सर यायला उशीर होता, म्हणून पाटणकरांनी सूत्रं हाती घेतली. वीस मिनिटं आम्ही नियमाप्रमाणे गप्प उभे राहून घराकडे एकटक बघत राहिलो. मग टेप काढून फाटकाची रुंदी घेतली. पाटणकर दबक्या आवाजात म्हणाले, "शंभर वर्षं तरी नक्की. लाकूड बघा, आता असं लाकूड मिळतं का?"

तेवढ्यात मालक बाहेर आले. पन्नाशीचे गृहस्थ, घामाघूम झालेले, हातात कॉफीचा ट्रे.

"सर, बाल्कनी फक्त स्वल्प बाहेर आलीय," ते पाटणकरांना म्हणाले. "पलीकडच्याची बघा, तो तर पार रस्त्यावर आलाय. त्याच्याकडे कुणी येत नाही."

महापालिकेची माणसं समजले होते ते आम्हाला. घर त्यांनीच बांधलेलं, लेकीच्या लग्नाच्या आधी. झालर फायबरची होती.

सर आले तेव्हा आम्ही सगळे त्या बाल्कनीखाली बसून कॉफी पीत होतो. खरं घर गाठायला आता वेळ उरला नव्हता.

परतताना पाटणकर गाडीत मागे बसले होते. "वत्सलाबाई," ते म्हणाले, "माझ्यामुळे तुमचा एक शनिवार फुकट गेला." तेव्हा ते अजून त्यांना अक्का म्हणत नसत.

"असू दे हो स्वामी," अक्का म्हणाल्या. "फायबर मी आधी कधी एवढं निरखून बघितलंच नव्हतं."

त्यानंतर प्रत्येक सहलीच्या आदल्या दिवशी पाटणकर एकटे बसनं जाऊन जागा बघून येऊ लागले. हे आम्हाला त्यांच्या सुनेकडून कळलं.

*

पावसाळा संपेपर्यंत अक्का सरळ बघेनाशा झाल्या. एखादी गोष्ट दिसायला हवी असली, तर तिच्यापासून मान थोडी वळवायची आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचं, ही युक्ती त्यांची त्यांनाच सापडली. उद्यानातल्या लाल इमारतीसमोर त्या अशाच उभ्या होत्या, मान नारळाच्या झाडाकडे वळवून.

वॉचमन बराच वेळ त्यांच्याकडे बघत होता. शेवटी जवळ आला. "अम्मा, बिल्डिंग इकडे आहे."

"ठाऊक आहे रे," अक्का म्हणाल्या. "तिला कळू न देता बघतेय."

तो दोन पावलं मागे सरला. पुढचा अर्धा तास त्यानं कुणालाही अक्कांच्या आणि इमारतीच्या मधून जाऊ दिलं नाही.

*

वर्गात सरांनी पर्स्पेक्टिव्ह शिकवायला घेतलं. फळ्यावर आडवी रेघ मारली, तिच्यावर मधोमध एक टिंब दिलं. म्हणाले, "रस्ता, भिंती, छप्पर, सगळ्यांच्या रेषा लांब जाऊन या टिंबाला मिळतात. आधी हे टिंब बघायचं. त्याच्याशिवाय चित्र उभं राहत नाही."

अक्का पहिल्या बाकावर बसल्या होत्या. "सर, तेवढं टिंबच नाही हो मला दिसत. रेषा सगळ्या दिसतात. कुठे चालल्यात ते तेवढं कळत नाही."

खालून लग्नातल्या जेवणाच्या पंगतीचा आवाज येत होता. आता सर काय म्हणतात, याकडे सगळ्यांचं लक्ष.

सरांनी डस्टर घेतला आणि टिंब पुसून टाकलं.

"अंदाजानं काढा," ते आम्हा सगळ्यांना म्हणाले. "आज कुणालाच टिंब नाही."

त्या दिवशीची आमची सगळ्यांची घरं वाकडी आली. अक्कांचं त्यातल्या त्यात सरळ होतं. पाटणकरांचं घर तर उताराला लागलं होतं. ते त्यांनी फ्रेम करून घेतलंय.

*

शहराबाहेर आनेकलला एक दगडी देऊळ बघून आम्ही सगळे बसनं परत येत होतो. अक्का खिडकीशी बसल्या होत्या आणि मी त्यांच्या शेजारी. एव्हाना त्यांना कडेचंही धूसर झालं होतं. चालताना त्या माझ्या कोपराला धरून चालायच्या.

"काय दिसतंय रे, प्रकाश?"

"एक बिल्डिंग आहे."

"कशी?"

"मोठी."

अक्का माझ्याकडे वळल्या. "तू लिहितोस ना रे? असंच लिहितोस?"

पुढच्या सीटवरून पाटणकरांनी मान वळवली. "मी सांगतो अक्का. तळमजला अधिक दोन. पुढची बाजू तीस फूट. खाली हार्डवेअरचं दुकान, वर भाडेकरू. प्लास्टर बरं आहे, गच्चीला ओल आलेली दिसते."

"पाटणकर, त्या घरावर कर्ज नाही द्यायचं मला. कसं दिसतं ते सांगा."

पाटणकर पुढे वळले. बस सिग्नलला थांबली होती. मी पुन्हा बघितलं.

"गच्चीवर दोरी बांधलीय," मी म्हटलं. "या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यावर एकच साडी वाळत घातलीय. हिरवी. बाकी सगळी दोरी रिकामी आहे."

अक्कांनी मान हलवली. "हां. आता दिसलं."

बस सुटली. घरी पोचेपर्यंत त्या दर स्टॉपला विचारत राहिल्या. यशवंतपूरच्या बाजारापाशी मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "कांद्याचे ट्रक. हे मला सांगू नकोस, हे मला येतं."

*

आता हा शेवटचा.

अक्कांची एकच इमारत राहिली होती. शहराच्या मध्यावरचं जुनं सरकारी इस्पितळ, दगडी, लांबलचक व्हरांड्याचं. त्याच्या समोरच्या स्टॉपवर त्या तीस वर्षं बस बदलायच्या. सरांनी सकाळच्या वेळी बाहेरच्या व्हरांड्यात थोडा वेळ थांबायची परवानगी काढली.

मीरा त्याच इस्पितळात गेली. हे वर्गात कुणालाच ठाऊक नव्हतं आणि मीही सांगितलं नाही. दुसऱ्या कुणाला तरी गाडी घेऊन जायला सांगावं, असं आठवडाभर मनात होतं. शनिवारी सकाळी अक्का फाटकाशी तयार उभ्या होत्या, इस्त्रीची साडी नेसून, फाटकाच्या दांड्यावर हात ठेवून. त्यांना माझी गाडी दिसत नव्हती, तरी आवाजावरून त्या पुढे आल्या. मी दार उघडलं.

व्हरांड्यात बाकांवर माणसं बसलेली होती. फायली, थर्मास, एक्स-रेची मोठी पाकिटं. सरांनी नेहमीसारखं "नोडी" म्हटलं. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "अक्कांना आज नियम नाही. तुम्ही बोला."

आम्ही एका बाकाच्या टोकाला बसलो.

"सांग," अक्का म्हणाल्या.

मी सांगायला लागलो. फरशी काळी-पांढरी, चौकटीची. भिंतीजवळची एक ओळ नंतर बदललेली, तिचा काळा रंग वेगळा. खांबाच्या पायाशी दगडाचा टवका उडालाय, पेरूच्या फोडीएवढा. पुढच्या बाकाचा एक पाय आखूड आहे, त्याखाली पुठ्ठा घातलाय. दाराच्या उंबऱ्यावर पितळी पट्टी आहे, मधोमध झिजून पांढरी पडलेली.

अक्का ऐकत होत्या. मग त्यांनी हात वर केला.

"तू डोळे मिटून सांगतोयस काय रे?"

मिटलेले नव्हते. पण मी समोरच्या भिंतीकडे बघत होतो.

"इथे बसायचास तू," अक्का म्हणाल्या. तो प्रश्न नव्हता.

"हो."

"बरेच दिवस?"

"हो."

त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "खालचं झालं. वर काय आहे?"

वर काय आहे ते मला ठाऊक नव्हतं. इतके दिवस मी तिथे बसलो, पण मान वर केल्याचं मला आठवत नाही.

मी वर बघितलं.

"कमानी आहेत," मी म्हटलं. "एकीच्या आत एक, पार टोकापर्यंत. त्यांच्यावर लाकडी तुळया. दर तुळईच्या टोकाला कोरीव काम आहे, पानं आहेत, नाही, पोपट आहेत. प्रत्येक पोपट वेगळा. एकाची मान मागे वळलीय. अगदी वर, भिंतीत, गोल खिडकी आहे. निळ्या-पिवळ्या काचांची. एक काच साधी आहे, फुटल्यावर बसवलेली असेल. ऊन त्या खिडकीतून येतंय आणि समोरच्या कमानीवर पडलंय. निळं. ते सरकतंय, अक्का. मघाशी खांबापाशी होतं."

मी मराठीत बोलत होतो. बाकावरच्या कुणाला त्यातलं काही कळत असेल असं वाटत नाही. पण आमच्या शेजारी थर्मास धरून बसलेल्या बाईनं माझ्याकडे बघितलं, मग मान वर केली. तिच्या पलीकडच्या म्हाताऱ्यानं केली. समोरच्या बाकावर एकजण फोनवर बोलत होता, त्यानं फोन कानापासून जरा दूर धरला. मग त्याच्या शेजारच्यानं. मग पुढच्या बाकावरच्यांनी.

मी बोलायचा थांबलो. व्हरांड्यात कुणीच बोलत नव्हतं.

"सगळे गप्प का झाले?" अक्कांनी विचारलं.

"वर बघतायत."

"मग तू का थांबलास?"