मागच्या सीटवरून नगर: पुणतांब्याहून गॅरंटीतल्या ब्रेकसाठी

लग्नानंतर आम्ही दोघंच असे पहिल्यांदा बाहेर पडलो, ते मोटारसायकलचा मागचा ब्रेक बिघडला म्हणून. सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. आजच्या बऱ्याच गाड्यांना मागेही डिस्क असते. तेव्हा चाकाच्या मध्यभागी लोखंडी ड्रम असायचा आणि ब्रेक आतून त्याला घासून चाक थांबवायचा. आमच्या गाडीची गॅरंटी सहा महिन्यांची, त्यातले चार दिवस उरले होते.

ब्रेक दाबला की चाकाच्या प्रत्येक फेरीला मला मागे एक हिसका बसायचा. पुढे बसणाऱ्या ह्यांना तो कळत नसे.

"गावातल्या मिस्त्रीकडून चाक खोलून घे की," सासूबाई ह्यांना म्हणाल्या. "नगरला कशाला जायाचं?"

"बाहेर चाक उघडलं तर गॅरंटी जाते, कार्डावर लिहिलंय," मी म्हणाले.

ह्यांनी कार्ड काढून तारीख बघितली. मग म्हणाले, "उद्या सकाळी निघू. तू पन चल."

पुणतांबा, श्रीरामपूर, राहुरी आणि नगर असा रस्ता. तुम्ही आता दोन तासांत पोचाल. आम्हाला चार लागले. हिवाळ्यात जाणार असाल तर उसाच्या गाड्यांचा वेळ हिशेबात धरा. तेव्हा त्या बैलांच्या होत्या, आणि त्यातलीच एक राहुरीच्या अलीकडे बांधावरून अचानक रस्त्यावर आली. ह्यांनी ब्रेक दाबला. गाडी हिसके देत तिरकी झाली आणि कालव्याच्या चारीच्या काठावर थांबली. गाडीवान ओरडला, "आवो, जीव द्यायला आलाय व्हय?"

राहुरीत चहा घेतला. घरून आणलेली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, मग थोडं बरं वाटलं.

नगरच्या शोरूमचे शेठ कडक इस्त्रीतले. त्यांनी गाडीवरून एक चक्कर मारली आणि म्हणाले, "ब्रेक उत्तम आहे. बाईमाणसाला सवय नसते, म्हणून धक्के वाटतात."

हे "बरं" म्हणून किल्ली घेणार होते. मला चारीचा काठ आठवला. मी पुढे होऊन बोलले. "शेठ, तुम्ही पुढे बसलात. हिसका मागे लागतो. एकदा मागे बसून बघा."

कोपऱ्यात हात पुसत उभे असलेले म्हातारे मिस्त्री हसले. "बसा की शेठ, मी चालवतो."

शेठ बसले. फाटकापर्यंत गेले, परत आले. येताना मिस्त्रींनी मुद्दाम चार वेळा ब्रेक दाबला असावा. शेठ उतरले ते कमरेवर हात ठेवून.

मिस्त्रींनी चाक खोललं, ड्रम फिरवून बघितला. "ह्यो गोल न्हाई. कारखान्यातूनच असा आलाय. बाईंनी बरोबर वळखलं."

शेठनी कार्डावर सही केली. नवा ड्रम, मजुरीसकट फुकट. काम होईपर्यंत आम्ही कापड बाजारात हिंडलो आणि गरम भजी खाल्ली. नगरला गेलात तर कापड बाजार चुकवू नका. काही घ्यायचं नसलं तरी तेव्हा दुकानदार हौसेनं लुगडी उलगडून दाखवत. येताना ह्यांनी मोकळ्या रस्त्यावर तीनदा ब्रेक दाबून विचारलं, "आता?" तिन्ही वेळा गाडी लोण्यासारखी थांबली.

दिवेलागणीला घरी पोचलो. सासूबाई ह्यांना म्हणाल्या, "काय म्हनले रं नगरवाले?"

हे पाय धुवत होते. "मला काय इचारती? तिला इचार. बोलली ती, मी नुसती गाडी चालवली."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग चुलीजवळचा पाट पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "बस हितं. सांग समदं, पयल्यापासनं."

पुढे ती गाडी विकली, रस्ते रुंद झाले, नगरला कितीदा तरी जाणं झालं. त्या प्रवासातलं मला सगळ्यात जवळचं काय, असं कोणी विचारलं तर मी हे शेवटचं सांगते. शेठ मागे बसले इथपर्यंत मी सांगत आले, आणि सासूबाई पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या, की तव्यावरची भाकरी करपली.