सासरा मरतोय

"एक मिनिट मावशी, सासरा मरतोय," असं बोलून ती हात वर करायची. डोळे पुस्तकात. मी चहा घेऊन दारात उभी.

सासरा तिचा नाय. कोरिया म्हणून देश हाय, तिथल्या जुन्या घराण्यांच्या जाड जाड पुस्तकांतला. आजा, बाप, नातू, सगळ्यांच्या भानगडी. पुस्तक इंग्रजी, पण मला मराठीत सांगायची. बाई घाटावरची, सरकारी दवाखान्यात नर्स. डहाणूला माझ्या मागल्या खोलीत भाड्यानं राहायची.

मी बोंबील वाळत घालायची, दोन-दोन माशांची तोंडं एकमेकांत अडकवून दोरीवर. ती बाजूला पाटावर वाचत बसायची. माश्या आल्या तरी उठायची नाय. वासाला नाक मुरडलं नाय, तिथंच मला संशय आला. पगारी बाई, म्हातारीशी फुकट कशाला बोलेल? तुम्हीच सांगा.

माझा मालक बोटीवर गेला तो आलाच नाय. बोट नाय, फळी नाय. वाणगावच्या बाजारात बसून पोरी मोठ्या केल्या. मालकाचा म्हाळ मात्र कधी घातला नाय. घातला म्हणजे तो मेला. आणि तो मेला की दीर घराची वाटणी मागणार, हे सगळ्या आळीला माहीत.

एक दिवस ती बोलली, "मावशी, पुस्तकातल्या या बाईचा नवरा पण परत आला नाही. ती रोज त्याच्यासाठी भाताचा वाडगा झाकून ठेवते. शेवटी नात म्हणते, आता त्याचं श्राद्ध करू. कधी मेला माहीत नाही, तर घरातून निघाला तो दिवस धरला. पानात सुका मासा ठेवतात."

"ती नात दिराच्या बाजूची असेल."

ती हसली. "गोष्टीत दीरच नाही हो."

"तुला सांगितला नसेल."

मग हळूच बोलली, "काकांचं तुम्ही काय करता?"

माझ्या डोक्यात बत्ती पेटली. हिला दिरानंच पाठवली. त्या दिवसापासून चहा बंद.

पितृपक्षात दीर आला. "वयनी, या साली दादाचा म्हाळ घालून टाकू." मग खोलीकडं गेला, दारात थांबला. "ही कोण?"

मी त्याचं तोंड नीट निरखलं. खरंच ओळखत नव्हता.

तिनं मान वर केली नाय. "भाऊ, जरा उजेड सोडा."

तो बाजूला झाला. संध्याकाळी मी चहा नेला. इतके दिवस का नाय आणला, ते तिनं विचारलं नाय.

पुढं तिची तलासरीला बदली झाली. रिक्षात सामान भरताना मी विचारलं, "त्या बाईचा नवरा आला का शेवटी?"

"नाही आला, मावशी."

माझं मन राखायला खोटं बोलली असती, तर मला कळलं असतं.

दुसऱ्या सालच्या सर्वपित्रीला मी तिच्या रिकाम्या खोलीत गेले, आतून कडी लावली. मालकाच्या नावानं पान वाढलं. कडेला सुका बोंबील ठेवला.

दुपारी दीर ओट्यावर येऊन टेकला. "वयनी, दादाचं काय ठरवलं?"

"येईल की," मी बोलले.