सापसुरळीच्या आधी पाणी

लग्नाला चार महिने झाले होते. वय चौदा, आणि अक्कल अजून माहेरीच राहिलेली. सासू आणि जाऊ मासळीच्या पाट्या घेऊन बाजाराला गेल्या, आणि जावेचं आठ महिन्यांचं पोर माझ्या हवाली केलं.

आगरदांड्याच्या बाजूला, किनाऱ्यालगत आमचं घर. अंगणात जवळा वाळत पसरलेला, त्यावर माश्या, आणि माश्यांसाठी सापसुरळी. तेल चोपडल्यासारखी तुकतुकीत, पाठ तांबूस, कुशीला काळा पट्टा. मान म्हणून नाहीच, डोकं थेट धडाला चिकटलेलं. पाय इतके आखूड की गवतातून निघाली तर सापच वाटावा. दगडावर ऊन खात पडायची, माशी टेकली की सुळकन पुढे, गट्ट, आणि परत दगडावर. नाकतोडा मिळाला तर त्याला आपटून आपटून गिळायची. पोराला सोडून मी तिचंच जेवण बघत बसलेली!

मग कावळे हाकायला उठले. वळून बघते तो पोराच्या मुठीत नुसती शेपटी, तीही वळवळणारी. बाकीची सापसुरळी पसार. पोराच्या अंगठ्यावर लाल ठिपका.

सापसुरळी चावून आपल्याआधी पाण्याला पोचली तर माणूस गेला, तिच्याआधी आपण पाणी प्यायलो तर वाचलो, असं लहानपणापासून ऐकलेलं. मी पाण्याची वाटी पोराच्या तोंडाला लावली. त्याने पाणी थुंकून टाकलं. पुन्हा लावली, पुन्हा थुंकलं. आता काय? मग माझ्या थोर डोक्यातून युक्ती निघाली: तिलाच पाणी मिळू द्यायचं नाही. पोर काखेत मारून मी दोन्ही हांडे, कळशी, कोंबड्यांच्या पाण्याची परळसुद्धा उपडी केली. समोर अख्खा समुद्र होता, तो कसा उपडा करणार? खारं पाणी ती पीत नसेल, अशी समजूत घातली आणि पोराचा श्वास मोजत बसले.

सासू आली. "काय गो, हांडे उपडे कशाला?"

मी रडत सगळं सांगितलं. जावेने पोर माझ्याकडून ओढूनच घेतलं आणि पदराखाली धरलं. ते चुटूचुटू प्यायला लागलं.

सासूने अंगठा उजेडात धरला. "डास चावलाय. अगो येडे, सापसुरळी शेपूट टाकून पळते. चावायला थांबते व्हय?" मग उपड्या हांड्यांकडे बघून खेकसली, "आता प्यायला तरी पानी हाय काय घरात? जा, आन!"

गोडी विहीर वाडीपलीकडे. मी तीन खेपा केल्या आणि दर खेपेला दारातून पोराकडे डोकावले. तिसऱ्या वेळी जाऊ चुलीपाशी होती, पोर झोपलेलं. सासू त्याच्यावर वाकून, त्याच्या नाकाखाली बोट धरून बसली होती.

मला बघून म्हणाली, "उभी काय ऱ्हायलीस? हांडा उतर."

बोट मात्र तिने तिथून काढलं नाही.