इसब घेऊन बोटीवर

आमच्या मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, एका जागी बसलेले ज्याने पाहिले असतील असा माणूस त्यांच्या अंजूर गावापासून भिवंडीच्या एसटी स्टँडपर्यंत शोधूनही सापडायचा नाही. लग्नाच्या पंगतीत ते वाढप्यांबरोबर फिरता फिरता जेवायचे. हाताला भात लागलेला, तोंडात बुंदी आणि पाय मांडवाच्या तिसऱ्या खांबाकडे. न्हाव्याकडे अर्धी दाढी झाली की उठून रस्त्यावर कोण ओरडतंय ते बघून यायचे आणि मग उरलेली अर्धी. भिवंडीला जायला शेअर रिक्षात बसले की निम्म्या वाटेत उतरायचे, थोडं चालायचे आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या रिक्षात चढायचे. दोन्ही रिक्षावाल्यांना पैसे द्यायचे, त्यामुळे तक्रार कोणाचीच नव्हती. घरातल्या अल्बमात काका कुठेही सबंध सापडत नाहीत. एका फोटोत खांदा आहे, एकात पाठ आहे आणि स्वतःच्या लग्नाच्या फोटोत चेहऱ्याच्या जागी नुसती मुंडावळ्यांची रेघ उमटली आहे. लूमवरचा धोटा जसा इकडून तिकडे आणि तिकडून इकडे, तसे काका. फरक इतकाच की धोट्याच्या येरझाऱ्यांतून निदान कापड तरी निघतं.

या सगळ्याचं मूळ त्यांच्या कातडीत होतं. काकांना इसब होता. कोपरांच्या लवणीत, गुडघ्यांच्या मागे, मनगटांवर आणि पाठीवर नेमका जिथे स्वतःचा हात पोचत नाही तिथे. बसलं की खाज सुटायची आणि चाललं की ती जरा मागे राहायची, असा त्यांचा अनुभव होता. खाजेला चुकवत फिरणारा माणूस, एवढीच त्यांची खरी ओळख. शेलार गावचा एक वैदू त्यांना हिरवा लेप द्यायचा, त्या लेपाने सदरे हिरवे झाले आणि इसब होता तिथेच राहिला. कोणी सांगितलं म्हणून वांगं सोडलं, कोणी सांगितलं म्हणून अंडं सोडलं, आणि एका वर्षी तर सुकटही सोडली. खाडीकाठच्या माणसाने सुकट सोडणं म्हणजे काय ते खाडीकाठच्यालाच कळेल. त्या वर्षी काका शेजारच्यांकडे सुकट भाजली जात असताना त्यांच्या पडवीत नुसतेच उभे राहायचे. दर मंगळवारी वज्रेश्वरीला जाऊन ते गरम कुंडात डुंबून यायचे आणि येताना कॅन भरून पाणी आणायचे. घरातल्या प्रत्येक दाराची चौकट त्यांच्या पाठीच्या उंचीवर गुळगुळीत झाली होती. शिवाय त्यांच्याकडे एक खास हत्यार होतं. भिवंडीतल्या कोणा कारखानदार मित्राने मोडीत काढलेल्या लूमच्या फणीचा हातभर तुकडा. ताण्याचे धागे जिच्या दातांमधून जातात ती ही फणी काका सदऱ्यात मागून घालायचे, डोळे मिटायचे, आणि त्या क्षणी त्यांच्याकडून कोणी जमीन लिहून घेतली असती तरी त्यांनी सही केली असती.

कापडाची पारख त्यांना इसबानेच शिकवली. समोरच्याच्या सदऱ्याची बाही दोन बोटांत धरून ते सांगायचे, यात पॉलिस्टर हाय, फेकून दे. नवरदेवालाही भर मांडवात त्यांनी हे सांगितलेलं आहे. मात्र स्वतःच्या बाह्या ते भर मे महिन्यातसुद्धा मनगटापर्यंत खाली ठेवायचे. कधीतरी संक्रांतीला कोणीतरी त्यांच्या हातचा तिळगूळ घेताना हात मागे घेतला होता. तेव्हापासून काका प्रसादही कागदावर ठेवून द्यायचे आणि कोणी हात पुढे केलाच तर लांबूनच नमस्कार करायचे. हा रोग कोणाला लागत नाही हे डॉक्टर सांगून थकले. काकांना ते पटत होतं, पण लोकांना पटेल याची त्यांना खात्री नव्हती. मलम लावायचं ते रोज दार लावून, आणि लावायची ती फक्त मावशी. लग्न झाल्यापासून तिचा हा नेम एकदाही चुकला नव्हता. त्यापायी ती माहेरी कधी एका रात्रीच्या वर राहिली नाही, आणि काकांबरोबर कुठे जावं तर ते पोचण्याआधीच परत निघायचे.

दोन हजारच्या दशकातली ही गोष्ट. खाडीलगतच्या काकांच्या शेतावर तोवर गोडाऊनं उभी राहिली होती. त्यातल्या एका गोडाऊनच्या भाडेकरू शेटने खूश होऊन दिवाळीत मोठ्या बोटीची तिकिटं पाठवली. मुंबईहून निघायचं, गोवा करून पुढे लक्षद्वीप आणि परत. बोटीवर राहणं, खाणं, नाचगाणं सगळं. इंग्रजी बोलायला घरचं कोणीतरी हवं म्हणून तिसरं तिकीट माझ्या वाट्याला आलं. मी भिवंडीत शाळामास्तर, दिवाळीची सुट्टी होतीच. काकांनी तिकिटं बघितली आणि उठून खाडीवर गेले. ते नाही म्हणणार हे मला दिसत होतं, म्हणून मी मावशीला म्हटलं, तुला हौस असेल तर आपण दोघं जाऊ. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "मना बोट न्हाय बगाची रे. खाडीत काय कमी बोटी बगल्या? मना यांना एका जागी बसलेलं बगाचं हाय. बोटीवरशी उतरून जातील कुठं?"

हे तिने कुठल्याही तक्रारीच्या सुरात म्हटलं नव्हतं, पण मला ते फार लागलं. इतक्या वर्षांच्या संसारात या बाईने एवढंसंच मागितलं होतं आणि तेही मिळेल की नाही याची शाश्वती नव्हती. मी काकांच्या मागे लागलो. चालत चालतच लागावं लागलं. शेवटी खाडीच्या बांधावर ते म्हणाले की येतो, पण पाणी माझं आणि चादर माझी.

भिवंडीच्या चामडीच्या डॉक्टरांनी निघण्याआधी सगळं बजावून सांगितलं. नखं कापून घ्या, कोमट पाण्याने आंघोळ करा, अंग ओलसर असतानाच मलम चोपडा, वासाचा साबण नको. आणि फारच चिघळलं तर मलमावर ओल्या सुती पट्ट्या गुंडाळा, त्यांच्यावर कोरड्या गुंडाळा आणि शांत बसून राहा. शेवटच्या दोन शब्दांवर मावशीने माझ्याकडे पाहिलं. काका म्हणाले, "मी काय मढं हाय गुंडालायला?" आणि डॉक्टरांच्या शर्टाची बाही चाचपून बाहेर पडले.

बंदरावर तपासणीला काकांचे वज्रेश्वरीच्या पाण्याचे कॅन अडकले. तिथल्या साहेबाने एकाचं झाकण उघडून वास घेतला आणि दोन पावलं मागे सरकला. गंधकाचा वास, त्यात कॅन पूर्वी गोडेतेलाचा. हे काय आहे, असं त्याने विचारलं. काकांनी अभिमानाने सांगितलं, "गरम पानी हाय." साहेबाने कॅनला हात लावून पाहिला आणि म्हणाला, हे तर थंड आहे. काका म्हणाले, "पहले गरम था." पुढे मी इंग्रजीत पुष्कळ बोललो, देवीचं नाव सांगितलं, कुंडांची नावं सांगितली, पण पाणी काही आत जाईना. तेव्हा टाकून देण्यापेक्षा निदान अंगावरून तरी जाऊ दे, असं म्हणत काकांनी तिथेच बाजूला उभं राहून एकेक कॅन सदऱ्यासकट डोक्यावर ओतून घेतला. बोटीच्या दारात गळ्यात माळा घालायला उभ्या असलेल्या मुलींनी काकांना माळ लांबूनच हातात दिली. फणी मात्र मावशीच्या पिशवीतून सुखरूप आत आली. कशी, ते तिलाच ठाऊक.

बोटीवर पहिल्या संध्याकाळपासून काकांचं आणि आमची खोली आवरणाऱ्या गोवेकर माणसाचं युद्ध जुंपलं. काकांनी घरून मांजरपाटाची चादर आणली होती. भिवंडीच्या लूमवर निघालेली, बारा पाण्यांत धुऊन मऊ केलेली. बोटीची गुळगुळीत वासाची चादर काढून ते ती अंथरायचे. आम्ही जेवायला गेलो की तो माणूस मांजरपाट घडी करून कपाटात ठेवायचा आणि आपली चादर ताणून बसवायचा, वर टॉवेलचा हत्ती करून ठेवायचा. काका आले की हत्ती उचलून हुंगायचे, साबण चांगला नाही म्हणून बाहेर ठेवून द्यायचे. त्याने हंस केला, काकांनी तोही बाहेर ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दाराबाहेर अशी प्राण्यांची रांग लागली होती आणि जाणारे येणारे त्यांचे फोटो काढत होते.

तो सबंध दिवस बोट समुद्रातच रेंगाळणार होती, गोवा त्याच्या दुसऱ्या सकाळी. खोलीतल्या थंड हवेने काकांची कातडी पापडासारखी कोरडी झाली आणि बाहेर आलं की खारा वारा तिला झोंबायचा. काका डेकवर फेऱ्या मारू लागले. एका दिशेने गेलेले काका दुसऱ्या बाजूने येताना दिसायचे. लोक त्यांना बोटीचा कोणी अधिकारी समजून जेवणाच्या वेळा विचारू लागले. काका बरोबर सांगायचे, कारण प्रत्येक फेरीत भटारखान्यात डोकावून यायचे. पोहण्याच्या तलावाजवळच्या एका खांबावर त्यांनी पाठ घासली, तेव्हा तिथे पहुडलेल्या एका बाईने आपल्या मुलांना जवळ ओढून घेतलं. मावशी डेकच्या टोकाला एका बाकावर बसली होती. शेजारची जागा तिने पिशवी ठेवून धरून ठेवली होती. काका तिथून जायचे, ती पिशवी उचलायची. काका पुढे निघून जायचे, ती पिशवी परत ठेवायची. मला ते बघवेना म्हणून मी दुसरीकडे जाऊन बसलो.

दुपारी खोलीत गेलो तर काका पाठमोरे उभे होते आणि मांजरपाटावर रक्ताचे डाग होते. मनगटं सोलवटून निघाली होती. त्या मुलांना आईने ओढून घेतलेलं त्यांनी पाहिलं होतं, हे ते बोलले नाहीत, पण बाह्या बोटांपर्यंत ओढलेल्या होत्या. मावशी आत आली तशी ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "उद्या गोव्याला उतरायचं. एसटीनं घरी जाऊ. माझ्यापायी तुझी जत्रा न्हाय व्हायची, मना म्हाईत होतं."

मावशीने पलंगाखालून बॅग ओढून उघडली. मला वाटलं, संपलं सगळं. पण बॅगेतून तिने मलमाची डबी काढली, आणि मग ती डागाळलेली चादर दातांनी काठ तोडून उभी टराटरा फाडायला घेतली. काका हबकून बघत राहिले. निम्म्या पट्ट्या तिने नळाखाली भिजवून पिळल्या, सगळ्या पदरात घेतल्या, काकांचं कोपर धरलं आणि त्यांना घेऊन डेकवर निघाली. "दार लाव ना," काका म्हणत होते. "आजवर लावलं तेवढं पुरे झालं," ती म्हणाली.

बाकावर बसवून तिने सगळ्या जगासमोर काकांच्या बाह्या वर केल्या. घाई न करता मलम लावलं. लोक बघत होते. तलावाजवळची ती बाईही बघत होती. मावशी घरच्या पडवीत मासे साफ करत बसावी तशी निवांत होती. मग मनगटापासून कोपरापर्यंत ओल्या पट्ट्या, त्यांच्यावर कोरड्या, आणि बोटांना गाठी. काकांचे दोन्ही हात मांडीवर ठेवले गेले तेव्हा ते खरोखरच खाजवण्याच्या कामाचे उरले नव्हते. आता सुकेपर्यंत बसायचं, असं तिने सांगितलं आणि स्वतः शेजारी टेकली. ऊन उतरलं होतं. समोर नुसतं पाणी. जरा वेळाने पाहतो तर मावशीची मान कलंडून काकांच्या डाव्या खांद्यावर आली होती आणि तिला गाढ झोप लागली होती. तिला दिवसाउजेडी झोपलेली मी तरी कधी पाहिली नव्हती.

काका बसले होते. पाय हलत होते, मग तेही थांबले. पट्ट्या सुकल्या, माणसं जेवायला गेली, सूर्य पाण्याला टेकला, तरी ते बसले होते. त्यांच्या कपाळावर घाम आला तेव्हा मला कळलं की पाठीला खाज सुटली आहे. त्यांनी डोळ्यांनीच मला जवळ बोलावलं. ओठ न हलवता म्हणाले, "पिशवीत फणी हाय. हलक्या हातानं. ती जागी व्हायला नको." मी बाकामागे बसून त्यांची पाठ खाजवत राहिलो, आणि ते खांदा तसूभरही न हलवता समुद्राकडे बघत राहिले. अंधार पडायला लागला तशी मावशी दचकून उठली. "या बया, झोपलेच की मी," म्हणाली. काका तोवर उठून कठड्यापर्यंत पोचलेही होते.

गोव्याला कोणी उतरलं नाही. पुढचा सबंध प्रवास काका पट्ट्या बांधून, बाह्या वर करून फिरले आणि ज्याने विचारलं त्याला पट्टी कशी बांधायची ते मावशीच्या तोंडून ऐकवत राहिले. खोली आवरणाऱ्या माणसाने उरलेल्या मांजरपाटाचा एक ससा करून ठेवला, तो काकांनी घरी आणला. पण मावशीची गंमत वेगळीच झाली. ज्यासाठी ती एवढ्या लांब आली, ते घडलं तेव्हा ती झोपली होती. घरी आल्यावर मला गाठून तिने हळूच विचारलं, बसले होते का रे खरंच? मी सांगितलं, तू उठेपर्यंत. पाय हलवत होते? आधी हलवत होते, मग नाही. पुढे मी केव्हाही गेलो की चहा टाकता टाकता ती तेवढंच परत विचारायची, आणि मी परत सगळं सांगायचो, सूर्य पाण्याला टेकला तिथपर्यंत.

मावशी गेली त्याला आता काही वर्षं झाली. परवा अंजूरला गेलो होतो. काका पडवीत बाकावर बसले होते. मी चहा घेतला, गावातल्या चार गोष्टी झाल्या, संध्याकाळ झाली, तरी ते उठले नाहीत. खाज कशी आहे, म्हणून विचारलं. "आते कुठली खाज," म्हणाले. फणी खुंटीला टांगलेली होती, तिच्यावर धूळ बसली होती. मला मनापासून वाटलं की काकांनी आत्ता उठावं, चौकटीला पाठ घासावी, रिक्षा बदलत भिवंडीला जावं. ते बसूनच होते, आणि त्यांचा डावा खांदा जरासा खाली झुकलेला होता.