पाटीवरचे मोठे डोळे

ऑस्ट्रेलियात, टूवूंबातल्या आमच्या शाळेत जपानी शिकवायचे आणि बाबांना त्याचं भारी कौतुक. ते हॉस्पिटलात डॉक्टर. जपानी आलं की नोकरी चालत घरी येणार, हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. आमच्या जपानीच्या बाईंनी मला स्वतःच्या मुलीची जुनी कॉमिक्स वाचायला दिली. टेलिफोन डिरेक्टरीएवढी जाड, मागच्या पानापासून वाचायची. अक्षर कळत नव्हतं, पण एक मुलगी पानभर नुसती खिडकीबाहेर बघायची आणि मला रडू यायचं. माझ्याशी वर्गात कुणी धड बोलत नसे. मी ते डोळे काढायला शिकले आणि मग दुसरं काही काढावंसंच वाटेना.

त्या दसऱ्याला आईने पाटीवर सरस्वती काढायचं काम माझ्यावर सोपवलं. एकड्यांची, म्हणजे १ च्या आकड्यांनी मांडलेली, नेहमीची. मी एकडे नीट मांडले, मात्र वर चेहरा काढून त्याला ते डोळे दिले, मोठे, पाणीदार, आत उजेडाचा ठिपका असलेले. पूजेच्या पुस्तकांत माझी कॉमिक्सही ठेवली. मला ती देवीच वाटली होती. अजूनही वाटते.

जेवायला ब्रिस्बेनहून मंडळी आली होती. त्यांतले एक काका पाटी बघून म्हणाले, "अरे वा, कार्टूनची पूजा!" सगळे हसले. बाबांनी ओलं फडकं आणून सर्वांदेखत पाटी पुसली आणि कॉमिक्स उचलून गराजमध्ये टाकली.

"इट्स जस्ट माय ड्रॉइंग, बाबा."

"देवाची थट्टा चालणार नाही या घरात. आणि असल्या चित्रांनी पोट भरत नाही."

आईने नवी सरस्वती काढली. मी तिला नमस्कार केला नाही. दुसऱ्या दिवशी कॉमिक्स बाईंना परत गेली, आणि पेन्सिल उचलली की ओलं फडकं आठवायचं; काढणं सुटलंच. पुढे निमूटपणे फार्मसीला गेले.

नव्वदचं दशक संपता संपता तीच जपानी चित्रं घराघरांत शिरली. सकाळी टीव्हीवर, पोरांच्या डब्यांवर, टी-शर्टवर. जगाने डोक्यावर घेतल्यावर आमच्या लोकांनाही ती दिसू लागली. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते उगाच नाही. एका दिवाळीला तेच काका नातीला घेऊन आले. तिला त्या चित्रांचं वेड.

बाबा उत्साहाने म्हणाले, "आमच्या हिला विचारा! इथे कुणाला ठाऊक नव्हतं, तेव्हापासून काढते ही. काढ गं, दाखव तिला."

नात कागद-पेन्सिल घेऊन माझ्यासमोर बसली. मी एक डोळा काढला. तो कुणाकडेच बघत नव्हता. मी कागद उलटा केला.

"मला नाही येत."

"लाजते," बाबा हसून म्हणाले.

मी लाजत नव्हते. मला खरंच येत नव्हतं.