टेक्निकलचं गाव

आमच्या शाळेतले इंग्रजीचे मास्तर कुठल्याही शब्दाचा अर्थ पटकन सांगत नसत. कोणी विचारला की म्हणत, "पहिले त्याचं गाव पुसू. पाव्हणा दारात आला तं आपण पाणी देतो अन् पुसतो, कोन्या गावचे जी? शब्दही पाव्हणाच हाये." मग साधा 'पेन' हा शब्द लॅटिनातल्या पिसापर्यंत जाई आणि तास तिथेच संपे. मूल गावच्या बाजारात लोक त्यांना गावपुसे मास्तर म्हणत. त्यांना ते नाव आवडत असे.

मी गणित शिकवायला वर्ध्याहून तिथे गेलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. इंग्रजीचा शिक्षक असूनही हा माणूस शिक्षकांच्या खोलीतसुद्धा तिकडच्या झाडी बोलीत बोले, याचं मला पहिले काही दिवस नवल वाटलं. 'माहीत नाई' हे दोन शब्द ते जितक्या सहज उच्चारत, तितक्या सहज मी ते दुसऱ्या कुठल्या मास्तरच्या तोंडून ऐकले नाहीत.

मधल्या सुट्टीत ते आमच्यात बसत नसत. शाळेच्या मागे टिनाच्या छपराखाली नत्थूभाऊ सुतार मुलांना सुतारकाम शिकवत, तिथे जाऊन बसत. नत्थूभाऊ अंगठाबहाद्दर होते, पण खिळा न मारता सागवानाच्या दोन फळ्या अशा जोडत की सांध्यातून उजेड दिसू नये. मास्तर त्यांना प्रत्येक हत्याराचं नाव विचारत आणि वहीत लिहून घेत. एकदा नत्थूभाऊंनीच उलट विचारलं, "मास्तर, रंध्याचं गाव कोन्तं?"

"माहीत नाई, भाऊ."

"मंग पुसा कोनाले तरी. मी तं त्याच्यावरच जगून राह्यलो."

पुढल्या वर्षी चांद्याच्या शिक्षण कचेरीतून एक तक्ता आला. प्रत्येक कर्मचाऱ्याच्या नावापुढे 'टेक्निकल' की 'नॉन-टेक्निकल' ते लिहायचं होतं. माझं अक्षर बरं म्हणून हेडमास्तरांनी तो मला भरायला दिला. मी छपराखाली जाऊन नत्थूभाऊंना विचारलं, "सर्टिफिकेट आहे का काही?"

"नाई जी. बापानं कागद नाई देल्ला, वाकस देल्ली," ते म्हणाले आणि हातातल्या त्याच वाकसीने लाकूड तासत राहिले.

मी परत येऊन 'नॉन-टेक्निकल' लिहिलं. दुसरं काय लिहायचं असतं, हा प्रश्नही मला पडला नाही.

दोन महिन्यांनी हुकूम आला: सुतारकाम शिकवायला टेक्निकल माणूसच हवा, नॉन-टेक्निकल ठेवू नये. हेडमास्तरांनी नत्थूभाऊंना बोलावलं आणि मराठीत समजावून सांगितलं, "भाऊ, तुम्ही तांत्रिक नाही, म्हणून तुम्हाला काढावं लागतंय."

नत्थूभाऊ गोंधळले. "मी कवा म्हटलो का मी तांत्रिक आहो? मी भूतबित उतरवत नाई जी. मी सुतार आहो."

खोलीत कोणीतरी हसलं. मास्तर हसले नाहीत.

त्या दिवसापासून मास्तर या एकाच शब्दाच्या मागे लागले. शाळेतला शब्दकोश पुरला नाही, तेव्हा त्यांनी नागपूरच्या आपल्या जुन्या प्राध्यापकांना पत्र घातलं. उत्तर आलं तेव्हा ते माझ्या खोलीवर आले. इतके आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"सर, आयका. ग्रीक भाषेत 'टेक्ने' म्हणजे हाताची कला, कसब. अन् त्याच घरचा दुसरा शब्द 'टेक्टोन'. त्याचा अर्थ काय असंल? सुतार. आपल्या संस्कृतातला 'तक्षन्' त्यायचाच भाऊबंद, तोही सुतारच. आपला 'तांत्रिक' दुसऱ्या घरचा, पण तोही कामाचाच. 'तंत्र' म्हणजे कोष्ट्याचा माग." ते जरा थांबले. "ज्या शब्दानं नत्थूले घराबाहेर काढलं, ते घर त्याच्याच बापजाद्याचं होतं."

मी तक्ता भरल्याचं तेव्हा सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

मास्तरांनी तीन पानांचा अर्ज लिहिला, शब्दाची सगळी वंशावळ मांडली आणि स्वतः चांद्याला जाऊन कचेरीत देऊन आले. नत्थूभाऊंना म्हणाले, "थोडं थांबा. शब्द आपल्या बाजूनं हाये." पण घरी बायको आणि दोन मुली होत्या. नत्थूभाऊ कुरखेड्याकडच्या जंगलात लाकूडतोडीच्या ठेक्यावर ओंडके वाहायला गेले.

उत्तर आलं ते एका ओळीचं. अर्ज हेडमास्तरांमार्फत आलेला नसल्यामुळे 'ऑन टेक्निकल ग्राउंड्स' नामंजूर. मास्तरांनी तो कागद दोनदा वाचला. "याचा हाही एक अर्थ हाये," ते हळूच म्हणाले. "काम बरोबर असूनही नियमाच्या अक्षरात अडकवणं. सुतारापासून निघाला अन् कुठी येऊन पोचला."

त्यांनी दुसरा अर्ज रीतसर हेडमास्तरांमार्फत पाठवला. त्याचं उत्तर येण्याआधी जंगलातून निरोप आला. नत्थूभाऊंना हिवताप झाला होता. ठेक्यावर औषध नव्हतं. बैलगाडीतून दवाखान्यात नेताना वाटेतच ते गेले.

मास्तर नत्थूभाऊंच्या घरी जाऊन आले आणि दुसऱ्या दिवशी वर्गावर गेले. एका मुलीने कसलासा शब्द विचारला. त्यांनी अर्थ सांगितला आणि पुढचा धडा काढायला लावला. मुलं वाट पाहत राहिली. त्यानंतर त्यांनी एकाही शब्दाचं गाव विचारलं नाही. बाजारातलं ते नावही हळूहळू मागे पडलं.

निवृत्तीनंतर ते गडचिरोलीला मुलीकडे राहायला गेले. दोन वर्षांनी ते आजारी असल्याचं कळलं, म्हणून मी भेटायला गेलो. खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी शाळेतल्या एकेकाची चौकशी केली. मी बराच वेळ इकडचं तिकडचं बोललो आणि मग म्हणालो, "मास्तर, तो तक्ता मी भरला होता."

"मले माहीत हाये," ते म्हणाले. "हुकुमासंगं तक्त्याची नक्कल आली होती. तुमचं अक्षर मी वळखतो."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"काऊन बोलू? खोटं तं तुम्ही लेहलंच नाई." त्यांना धाप लागली. थोडं थांबून ते म्हणाले, "माह्याही हाती तक्ता आला असता तं मीही तेच लेहलं असतं. मले तरी तवा कुठी त्या शब्दाचं गाव माहीत होतं?"

त्यांनी मुलीला हाक मारली आणि म्हणाले, "बाई, सर दुरून आले. जेवल्याबिगर जाऊ देऊ नोको."